गाठ सोडलेला हार

लाहायना, माउई
९ मार्च १९९४

कामाइले मावशी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. लिहायला बसले की मधेच काहीतरी निघतं. आत्तासुद्धा मी गेस्ट हाउसच्या मागच्या पायरीवर बसलेय आणि मालकिणीचा कोंबडा पेनाच्या टोपणाला चोच मारतोय. ह्या कोंबड्याला पहाट कळत नाही, भर दुपारी आरवतो. मालकीण म्हणते, तो जपानच्या वेळेवर चालतो. असो.

तू विचारलं होतंस की माउईला येऊन एवढे महिने झाले, समोर समुद्रात आमचं मोलोकाई दिसतं, बोट रोज सुटते, मग पाय इकडे का वळत नाहीत? वळतील गं. आईचं लास व्हेगासचं घर सोडल्यापासून मी ठरवून कुठे गेलेलेच नाही. पाय जातात, मागून मी जाते.

पण आज लिहायचं कारण निराळं आहे. मी काल लूआउच्या जेवणाला गेले होते. हसू नकोस. कुणाच्या घरचं नाही, कानापालीच्या एका हॉटेलचं, तिकीटवालं. आमच्याकडे आयोवाची एक म्हातारी उतरलीय, मिसेस डनलॅप. तिचा नवरा पहिल्याच दिवशी उन्हात झोपला आणि उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन पडला. तिकिटं आधीच काढलेली. ती मला म्हणाली, "तू चल बाई. एकटीनं बसून डुक्कर खायचं म्हणजे मला कसंसंच होतं." वाटेत तिनं विचारलं, "तू असलं काही आधी पाहिलंयस का?" मी म्हटलं, "नाही." आणि मावशी, ते खरंच होतं. आई हवाईची, आजी-आजोबा हवाईचे, आणि मी बावीस वर्षांची होईपर्यंत लूआउ पाहिलेलं नाही. केस बापाचे तांबडे. कुणी विचारतही नाही मी कुठली ते. मी मिसेस डनलॅपची गवताची टोपी घातली आणि आयोवाची झाले.

दारात एक आंटी उभी होती. माझ्या आईपेक्षा मोठी, रुंद, अनवाणी. हातावर निशिगंधाच्या हारांची चळत. येईल त्याच्या गळ्यात हार, गालाला गाल, आलोहा, पुढचा. मिसेस डनलॅपनं डोळे मिटून असा वास घेतला की मागची रांग थांबली. मग मी. मला हल्ली उग्र वास सोसतच नाहीत, मालकिणीचं फरशी पुसायचं औषधसुद्धा नाही. मी श्वास रोखून धरला. आंटीनं हार वर उचलला आणि तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग काय केलं माहितेय? हाराची गाठ दातात धरली, दोरा कट्कन तोडला आणि तो उघडा हार माझ्या खांद्यांवरून नुसता सोडला. दोन्ही टोकं पुढे लोंबकळत. माझ्या मागच्या माणसाला आख्खा हार. त्याच्या पोराला आख्खा. मलाच तेवढा तुटका.

मी समजले. टोपीबिपीला ती फसली नव्हती. इथली पोरगी तिकीटवाल्यांच्या रांगेतून येतेय, अर्धी इथली, अर्धी कुठलीच नाही, तर घे तुला तुटका हार. एवढं लागलं ना मला, की तिथूनच परत फिरणार होते. पण मिसेस डनलॅपनं माझा दंड धरून ठेवला होता.

फुगून बसले. पण फुगणं फार वेळ टिकलं नाही. त्यांनी डुक्कर पुरून शिजवलेला इमूचा खड्डा उघडला.

तुला काय सांगणार इमू म्हणजे काय ते. पण मी खड्ड्याच्या काठाशी उभी होते. दोन बाप्ये मातीचा थर ओढत होते. नेसूचं अगदी पोस्टकार्डातल्यासारखं, एकाच्या मनगटावर घड्याळ. लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या अंगावर चढत होते. मला वाटलं, हे सगळं नाटक आहे. मग ओली पोती उचलली, मग करपलेली केळीची पानं, आणि खालून वाफ आली. मावशी, ती वाफ नाटकातली नव्हती. धूर, माती, केळीचा खुंट, मांस, सगळं एकात शिजून जमिनीच्या पोटातून वर आलं आणि मला लागलं. सगळ्या वासांनी मळमळणारी मी, तो वास छाती भरून घेत उभी राहिले. कॅमेरे थांबले. घड्याळवाल्यानं डोकं खाली घातलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. ते पाहुण्यांसाठी नव्हतं, खड्ड्यासाठी होतं.

जेवताना पोई आली. मिसेस डनलॅप म्हणाली, "ही भिंतीला कागद चिकटवायची खळ आहे." मी बोट बुडवलं. अळूचा कांदा कुटून केलेली, जांभळट, जराशी आंबलेली. मी माझी वाटी खाल्ली, मग तिची, मग शेजारच्या माणसाची.

आणि मग नाच. बऱ्याच पोरी हसत हसत नाचल्या, छानच नाचल्या. पण शेवटी एक बाई आली, पन्नाशीची, न हसणारी. मागे एक म्हातारा सुक्या भोपळ्याच्या वाद्यावर थाप मारत सुरात काहीतरी म्हणत होता, एकही शब्द मला कळत नव्हता. तिनं दोन्ही हात पुढे घेतले, मनगटं वळवली, बोटांतून काहीतरी दूर सोडून दिलं, आणि माझा घास तोंडातच राहिला. ते हात मी पाहिलेत. आई मोटेलच्या कामावरून आली की घरच्या चादरी घडी करायची. दोन टोकं धरून झटका द्यायची, मनगटं वळवायची आणि चादर हवेत सोडायची. अगदी तसंच. लहानपणभर मला वाटायचं ती चादर झटकतेय. मावशी, आई नाचायची का? तिनं कधी सांगितलं नाही. मी रडले. मिसेस डनलॅपनं मला रुमाल दिला आणि म्हणाली, "मलाही धुराचा त्रास होतो."

असो. पुष्कळ लिहिलं. मुद्द्याचं एवढंच की ह्या महिन्याच्या तीस तारखेचं माझं ऑकलंडचं तिकीट आहे. तिकडे किवीची फळं तोडायचं काम मिळतं. तेव्हा ह्या खेपेला तुझ्याकडे यायला जमेलसं दिसत नाही. रागावू नकोस.

तो तुटका हार फेकून देणार होते. फेकवला नाही. खाटेच्या खिळ्याला टांगलाय.

नोहेआ


होओलेहुआ, मोलोकाई
१४ मार्च

नोहेआ पोरी,

पत्र एलीयाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझा काका रताळी धूत होता. "मिसेस डनलॅपची टोपी घातली" हे ऐकलं आणि हसता हसता बादलीतच बसला. म्हणाला, "मासा तिकीट काढून मत्स्यालयात गेला म्हण की!" मग दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटला. आता अख्ख्या होओलेहुआत तुझं नाव मासा पडलंय. आलीस की कळेलच.

हो, तुझी आई नाचायची. तुझी आई उभी राहिली की लोक खाता खाता थांबायचे. मी पाठीमागच्या रांगेत, ती पुढे. मला राग यायचा आणि तरी मी तिच्याकडेच बघायचे. ती चादरींवर आली हे मला आज तुझ्याकडून कळलं. ते राहू दे.

पत्र वाचून झालं, घडी घातली, फडताळात ठेवलं. रताळी उकडायला घातली. आणि मग मला एक ओळ आठवली. पत्र परत काढलं. तू इमूवर एवढं लिहिलंयस, पोईवर लिहिलंयस, कोंबड्यावरसुद्धा लिहिलंयस. आणि जे लिहायचं ते मधे कुठेतरी कोंबून टाकलंयस, आणि तेही तुला न कळता.

बाईनं तुझ्या हाराची गाठ सोडली. दातांनी.

आउवे, नोहेआ! लोकेनं, तुझ्या आईनं, तुला काहीच कसं शिकवलं नाही? तो तुटका हार नाही गं. पोटुशी बाईच्या गळ्यात बंद हार घालत नाहीत. गळ्याभोवती वेढा पडला तर बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा पडतो म्हणतात. खरं-खोटं डॉक्टर जाणोत. मी आजवर एकाही पोटुशीला बंद हार घातलेला नाही. तिला दोन्ही टोकं मोकळी ठेवून हार देतात. माझं नाव ज्या वेलीवरून ठेवलंय त्या माइलेचा हार तर कायमचाच उघडा असतो, खांद्यावरून नुसता सोडायचा.

त्या बाईनं तुझा अपमान नाही केला. एवढ्या रांगेत, एवढ्या तिकीटवाल्यांत, तुझ्या एकटीशीच ती घरच्यासारखी वागली. आणि नुसती तुझ्याशी नाही.

आता सांग. उग्र वास सोसत नाहीत, तीन वाट्या पोई खाल्लीस, आणि पळायचं तिकीट काढलंयस. मी चुकत असेन तर चुकतेय म्हण. मी वेडी म्हातारी ठरायला तयार आहे.

नसेन चुकत, तर तो कोण? धड खाणारा-पिणारा आहे का?

हार खिळ्यावर आहे तोच ठीक. केराच्या डब्यात टाकू नकोस. सुकला की झाडाखाली मातीला द्यायचा.

कामाइले

ता. क. एलीयाला अजून काही सांगितलेलं नाही. त्याला मासा पुरे आहे सध्या.


लाहायना
१८ मार्च

मावशी,

तुझं पत्र हातात घेऊनच मी कानापालीला गेले. चालत. का गेले ते मलाही नीट माहीत नाही. बहुतेक भांडायला.

आंटी मागच्या बाजूला सावलीत बसून हार ओवत होती. फूटभर लांब सुई, मांडीवर फुलांचा ढीग. तिचं नाव मापूआना. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्ही मला उघडा हार का दिला?"

तिनं वर पाहिलं. "आलीस? बस. आज टोपी नाही?"

"तुम्हाला कसं कळलं? मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणालाही."

"त्यात काय कळायचंय! निशिगंध नाकाशी आला की येणाऱ्या बाया डोळे मिटतात. तू श्वास कोंडलास आणि हात पोटावर ठेवलास. मला पाच झाली, बाई. पाचही वेळा मला निशिगंध चालला नाही. जन्मभर फुलांत बसते आणि पोटुशी असले की फुलांच्या नावानं ओकते. नवरा म्हणायचा, तुला चुकीच्या घरात दिली."

"आणि नसतेच मी पोटुशी तर?"

"तर उघडा हार घालून डुक्कर खाल्लं असतंस. बिघडलं काय?" मग सुई खाली ठेवून म्हणाली, "कुणाची तू? लाहायनाची दिसत नाहीस." मी म्हटलं, "मोलोकाईची." असं आजवर मी कधीच म्हटलेलं नाही, आपसूक निघालं. ती म्हणाली, "मग इथं काय करतेस?"

तिनं मला फुलांचे देठ खुडायला बसवलं. बराच वेळ बसले. कुणी काहीच विचारलं नाही. एवढं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटून उठून आले.

तर हो. आहे. तू वेडी म्हातारी नाहीस.

तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. वाईट नव्हता, गायचा मात्र फार वाईट. अलास्काला गेला, त्याला माहीत नाही, आणि शोधायला मी जाणार नाही. तोही पाय नेतील तिकडे जाणारा. दोघेही तसलेच असल्यावर घर कोण राखणार?

आता मी सरळच बोलते. आई मला नेहमी सांगायची, "वाट्टेल तिथं जा, मोलोकाईला जाऊ नकोस. तिथं तुझी मावशी बसलीय. तिला मूल नव्हतं, तुझ्यावर तिचा डोळा होता. मी तुला उचलून पळाले म्हणून तू माझी राहिलीस." म्हणून माझे पाय वळत नव्हते. बाकी सगळ्या सबबी.

पण आता मी वेगळा विचार केलाय. तुला एक मूल मिळायचं होतं ते मिळालं नाही. मला एक मिळतंय, ते मला नको आहे. म्हणजे नको असं नाही, मला ते जमणार नाही. मी अजून धड कोंबड्याशी जमवून घेऊ शकत नाही. तर मी ऑकलंडला जाते, काम करते, दिवस भरत आले की तुझ्याकडे येते, बाळ तुझ्या हातात देते आणि जाते. तुझं तुला मिळेल, माझं मला. आई म्हणते तशी तू असशील तर तुला हे आवडेलच.

फक्त लूआउबिऊ काही करू नकोस.

नोहेआ


होओलेहुआ
२३ मार्च

पोरी,

तुझं पत्र घेऊन मी रताळ्यांच्या वाफ्यात जाऊन बसले. एलीया म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, तण काढतेय. वाफ्यात तण नव्हतं.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पहिल्यांदा मला आनंदच झाला. एवढा झाला, की पाळणा कुठल्या खोलीत बांधायचा इथपर्यंत मी पोचले. तेव्हा तुझ्या आईनं माझ्याबद्दल सांगितलं त्यात खरंही आहे, मला तू हवी होतीस. पण सगळं नाही सांगितलं तिनं.

आमच्यात हे असंच चालतं. एका बहिणीला मूल होत नसेल तर दुसरी आपलं देते. त्यात चोरी नाही, लपवाछपवी नाही. मूल दोघींचं होतं. तू पोटात होतीस तेव्हा लोके स्वतः माझ्या शेजारी चटईवर येऊन बसली, पोटावर माझा हात ठेवला आणि म्हणाली, "कामाइले, हे तुझं." मी मागितलं नव्हतं. मागायची हिंमतच नव्हती.

ठरलं असं, की पहिलं वर्ष ती पाजेल आणि पहिल्या वाढदिवसाच्या लूआउत, सगळ्यांसमोर, तुला माझ्या मांडीवर ठेवेल. वर्षभर तयारी केली. एलीयानं डुक्कर वाढवलं. आदल्या दिवशी खड्डा पेटवला, दगड लाल झाले, सगळं रचून माती लोटली. आणि सकाळी तुम्ही नव्हतात. लोके नाही, तुझा बाप नाही, तू नाहीस. पहिल्या विमानानं गेलात.

आता झाकलेल्या इमूचं काय करायचं? अर्ध्यात उघडता येत नाही. डुक्कर जिवंत करता येत नाही. अळू कुटलेलं, मासे आलेले, सगळं गाव अंगणात. एलीया म्हणाला, घरी पाठवू या सगळ्यांना. मी म्हटलं, नाही. वाढदिवसाचं जेवण पोरीच्या आयुष्यासाठी असतं. पोरगी इथं नाही म्हणून तिचं आयुष्य अर्ध्यात ठेवायचं का? वेळ झाल्यावर इमू उघडला. मी स्वतः वाढलं. लोक खाली माना घालून जेवले, पण पोटभर जेवले. शेवटचा घास मी तुझं नाव घेऊन खाल्ला.

म्हणजे तू कधी लूआउला गेली नव्हतीस हे खरं. पण तुझं लूआउ झालंय, पोरी. फक्त तू आली नव्हतीस.

लोकेचा राग मी फार वर्षं धरला. मग हळूहळू एवढंच उरलं, की तिनं तुला पाहण्याआधी दिलं होतं. पाहिल्यावर तिच्याच्यानं देववलं नाही. त्यात चूक कुणाची?

म्हणून आता ऐक. न पाहिलेलं मूल मी पुन्हा घेणार नाही. तू मला किवीच्या टोपलीसारखं पोटातलं आणून देणार आणि पुढे जाणार, हे माझ्या दारात चालायचं नाही. ये. इथं ये. बाळ होऊ दे, धर त्याला, पाज, त्याचं रडणं ऐकून माझ्यावर खेकस. वर्ष झालं की लूआउ करू. तू नको म्हणालीस तरी करू. त्या दिवशी तुला वाटलं तर माझ्या मांडीवर ठेव आणि ऑकलंडला जा नाहीतर चंद्रावर जा, मी तोंड वाकडं करणार नाही. नाही वाटलं तर ठेवू नकोस. माझी दोन्हीला तयारी आहे. दुसऱ्याला थोडी कमी.

तिकीट तुझं आहे. ये म्हणून मी विमानतळावर येऊन धरणं धरणार नाही. एकदा वाट पाहिलीय, मला जमतं ते.

कामाइले मावशी


होनोलुलू, विमानतळ
३० मार्च

मावशी,

बाकावर बसून लिहितेय. ऑकलंडचं विमान गेलं. मी काचेतून ते जाताना पाहिलं.

मला भूक लागली होती, पोई कुठे मिळते ते शोधत फिरले आणि घोषणा ऐकू आली नाही.

ऐकू आली होती.

शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं विमान चुकलं का हो?" मी म्हटलं, "नाही, माझं सकाळी आहे." मोलोकाईला जातं ते, छोटं, पंख्यांचं. हे पत्र माझ्यामागून पोचेल. आलं की मलाच मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे एलीया काकालाही कळेल.

हार कागदाच्या पिशवीत आणलाय. पार सुकलाय. पण वास आहे, आणि आता तो मला चालतोय.

मासा


होओलेहुआ, मोलोकाई
१२ सप्टेंबर १९९५

मापूआना आंटी,

ओळखलंत का? गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमच्या दारातून गवताची टोपी घालून आत आले ती. तुम्ही हाराची गाठ दातांनी तोडलीत. नंतर मी भांडायला आले आणि देठ खुडून गेले.

मुलगी झाली. नाव पुआकेआ. नाळेचा वेढाबिढा काही नव्हता, डॉक्टर म्हणाले सरळ आली, रस्ता माहीत असल्यासारखी. केस तांबडे, आवाज बापाचा. म्हणजे वाईट. येत्या चोवीसला ती वर्षाची होते. त्या दिवशी आमच्याकडे लूआउ आहे, आणि तुम्ही यायचंय. बोट तुमच्याच गावाहून सुटते. तिकीट लागत नाही. आमच्या लूआउला, म्हणजे. बोटीला लागेल.

इकडची मजा तुम्हाला सांगायला हवी. माझी आई लास व्हेगासहून आलीय. मावशीचं आणि तिचं माझ्या पहिल्या वाढदिवसापासून बोलणं नव्हतं. पहिले दोन दिवस दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. "तुझ्या मावशीला सांग मीठ कमी आहे." "तुझ्या आईला सांग, इथं असंच खातात, विसरली असेल." मी मधे बसून दोन्हीकडून खायची. मग एलीया काकानं डोकं चालवलं. दोघींना इमूच्या खड्ड्यावर नेलं आणि म्हणाला, "दगड तुम्हीच निवडायचे. आणि लक्षात ठेवा, इमूपाशी भांडायचं नसतं, डुक्कर कच्चं राहतं." झालं! भांडता येईना, आणि गप्प तरी किती बसणार? आई म्हणाली, "हा दगड फुटेल." मावशी म्हणाली, "फुटणार नाही, बाबांनी वापरलाय हा." आई म्हणाली, "कुठला, त्या वर्षीचा?" मावशी म्हणाली, "हो, त्या वर्षीचा." मग दोघी कितीतरी वेळ तो दगड दोन्ही बाजूंनी धरून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी तो खड्ड्याच्या बरोब्बर मधे ठेवला. काल आई अंगणात चादरी वाळत घालत होती. मावशी खिडकीतून म्हणाली, "मनगट ढिलं पडलंय तुझं." आई म्हणाली, "बाहेर येऊन दाखव मग." मावशी गेली. चादरी राहिल्या. आंटी, त्या दोघी सुकलेल्या गवतात, अनवाणी, एकही वाद्य नसताना नाचल्या, आई पुढे, मावशी मागे. मी पुआकेआला कडेवर घेऊन बघत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझं आणि मावशीचं ठरलंय, की त्या दिवशी मला वाटलं तर पुआकेआला तिच्या मांडीवर ठेवायचं आणि मी मोकळी, जगात कुठेही जायला. नाही वाटलं तर नाही. वर्षभरात मावशीनं एकदाही विचारलेलं नाही. पोर रडली की उठते, दारापर्यंत येते, मी जागी आहे का बघते आणि परत जाते. परवा माझी जुनी पाठपिशवी धुऊन, उन्हात वाळवून, उशाशी आणून ठेवली.

मी ठरवलंय. अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतेय, कारण माझी लपवलेली गोष्ट पहिल्यांदा तुम्हाला कळते असा आता रिवाजच पडलाय. मी पुआकेआला मावशीच्या मांडीवर ठेवणार. सगळ्यांसमोर, आईच्या देखत. आणि मग तिथेच, मावशीच्या शेजारी, चटईवर बसणार. कुठेही जाणार नाही.

तुमचा हार मावशीनं मागच्या वर्षीच चाफ्याखाली दिला. पण दोरा मी काढून ठेवला होता. आज सरावाला त्याच दोऱ्यात नवी फुलं ओवलीत, त्या दिवशी ताजी ओवेन. चाफ्याचीच, निशिगंध तुम्ही आणा. टोकं मोकळीच ठेवलीत. बाळंतीण होऊन वर्ष झालं, आता बंद हार घालायला मला कसलीच अडचण नाही. मावशी म्हणाली, "आण इकडे, बांधते." मी नको म्हटलं.

ज्यांनी गाठ सोडली त्यांनीच येऊन बांधावी.

नोहेआ